दुसरा पेला

राणीने जेवता जेवता दुसऱ्यांदा पाणी मागितलं, आणि दालनातल्या सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. मागण्याची रीत अगदी साधी होती. उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर टेकवायची, एवढंच. राणीला पाणी देणारी मानकरीण दोना गियोमार रिकाम्या पेल्यावर रुमाल टाकून, राणीकडे पाठ न करता, मागे सरकत होती. तिने ती बोटं पाहिली आणि तिचं पाऊल जिथल्या तिथे थबकलं. मखमली छत्राखाली राणी रोजच्यासारखी एकटी जेवत होती, आणि भिंतीलगत गाद्यांवर बसलेल्या बायका आणि त्यांच्या मागे उभे असलेले पुरुष तिला रोजच्यासारखे जेवताना बघत होते. राजवाड्याखालच्या वखारीत मिऱ्यांची पोती ओढल्याचा खरखर आवाज येत होता, आणि उघड्या खिडकीतून नदीवरच्या डांबराचा वास. "पाणी," राणी म्हणाली, कारण गियोमार हलली नव्हती. तेव्हा शेजारच्या कास्तील राज्याच्या वकिलाने बाजूच्या माणसाच्या कानाशी तोंड नेलं, कोणीतरी छातीवर क्रूस काढला, आणि भिंतीलगतचे रेशमी घोळ सळसळले. लिस्बनच्या या दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं की राणी जेवताना एकदाच पाणी पिते. दुसऱ्यांदा तिने मागितलं होतं ते फक्त दिवस गेले असताना. दर खेपेला तिची तहान आधी वाढली होती आणि पोट नंतर. गियोमारने बाजूच्या मेजाशी जाऊन झारी उचलली. तांबड्या मातीच्या पेल्यात तिने पाणी ओतलं, याही वेळी अर्ध्यापर्यंतच, आणि ओतता ओतता तिच्या लक्षात आलं की या अख्ख्या दालनात खरी गोष्ट माहीत असलेली आपण एकटीच आहोत. राणीला तहान लागली होती, कारण कित्येक आठवडे ती अर्धाच पेला पाणी पीत होती.

गियोमारच्या हाताचं सुरू झालं ईस्टरआधीच्या उपवासांत. पेला राणीच्या ओठांशी नेताना पाण्यावर एक बारीक वर्तुळ उठलं आणि विरण्याआधीच दुसरं उठलं. गियोमारला आधी वाटलं, खाली वखारीत काही जड आपटलं असेल. पण दुसऱ्या दिवशी ती वर्तुळं पुन्हा आली, आणि तिसऱ्या वेळी दोन थेंब राणीच्या बाहीवर पडले. कुणाचं लक्ष गेलेलं दिसलं नाही. राणी तर खिडकीबाहेर बघत होती. त्या दुपारी गियोमारने आपल्या खोलीची कडी लावून हाताकडे नीट बघितलं. मांडीवर ठेवला की तो शांत असे. सुई ओवताना किंचित हले. पण पेला धरून तो दुसऱ्याच्या तोंडाच्या दिशेने न्यायचा म्हटलं, की जसजसं अंतर कमी होई तसतशी थरथर वाढे. अगदी ओठांपाशी, जिथे हाताने सगळ्यात स्थिर असायला हवं, तिथेच थरथर सगळ्यात जास्त. घोटभर द्राक्षाची दारू घेतली तर तासभर हात ताळ्यावर येई, पण गुडघे टेकून राणीच्या इतक्या जवळ जायचं तर तोंडाला वास असून चालणार नव्हतं. मग तिने राणीच्या पेल्यासारखाच, एश्त्रेमोश गावच्या तांबड्या मातीचा एक पेला घेतला आणि पलंगावरच्या उशीला राणी मानलं. काठोकाठ भरून नेला, सांडला. बोटभर कमी भरला, तरी सांडला. अर्ध्यावर आल्यावर पाणी आतल्या आत हिंदकळत राहिलं आणि काठापर्यंत पोचेना. हात तेवढाच हलत होता. फक्त आता ते दिसत नव्हतं. पेला मातीचा, त्यामुळे बाहेरून कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. ती उशीपुढे गुडघ्यांवर बसून राहिली, आणि इतक्या सोप्या उपायाची तिला भीती वाटली.

कारण हा हात तिने आधी पाहिलेला होता. सांतारें गावच्या घरी आईचा हात असाच जेवणाच्या वेळी हलायचा. चमचा ताटातून निघे तेव्हा भरलेला असे आणि तोंडाशी पोचे तेव्हा रिकामा. स्वयंपाकघरातल्या मुली एकमेकींना तसं करून दाखवत आणि पोट धरधरून हसत. छोटी गियोमार दाराआड उभी राहून बघायची, आणि एकदा तर तीही हसली होती, कारण नक्कल फार हुबेहूब होती. पुढे पाहुणे येणार असले की वडील आईचं ताट माडीवरच्या खोलीत पाठवायला लागले, आणि नंतर पाहुणे नसतानाही. त्या खोलीची खिडकी ऑलिव्हच्या बागेकडे होती. दरबारात यायला निघाली त्या दिवशी गियोमार वर गेली तेव्हा आईने तिच्या गळ्यात संत लुसियाचं पदक बांधायला घेतलं. दोऱ्याची टोकं एकमेकांना सापडेनात. मानेवर आईची बोटं फुलपाखरासारखी फडफडत राहिली, आणि शेवटी वडिलांनी पुढे होऊन गाठ मारली. तो स्पर्श गियोमारला अजून आठवे, गाठ मारलेल्या बोटांचा नव्हे, न जमलेल्या बोटांचा. त्यानंतर ती दरबारातच वाढली. गादीवर पाय दुमडून कसं बसायचं म्हणजे मुंग्या येत नाहीत, दात न दाखवता कसं हसायचं, उलट्या पावलांनी चालताना घोळ टाचेने कसा सारायचा, हे सगळं तिने इथेच शिकून घेतलं. लग्न इथेच झालं, राजाच्या मर्जीने. नवरा, दोम लोपो, हिंदला जायला निघाला आणि त्याचं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ फुटलं. मुलगी झाली ती इथेच, तिला दाईकडे दिली, रीतीप्रमाणे, आणि गियोमारच्या छातीला चौलहून आलेल्या सुती कापडाचे पट्टे आवळून बांधले. दूध आटलं त्याच सुमाराला दाईच्या गावाहून मुलगी गेल्याचा निरोप आला. मग तिला राणीच्या पाण्याचा मान मिळाला. पेला भरायचा, झाकणात थेंब घेऊन स्वतः चाखायचा, गुडघे टेकायचे, पेल्याचं चुंबन घेऊन तो राणीच्या ओठांशी धरायचा, खाली दुसऱ्या हातात तबकडी. दिवसातून दोनदा देशाच्या राणीचा गळा तिच्या मुठीपासून वीतभर अंतरावर असे. या मानावाचून ती कोण होती? एक विधवा. आणि विधवेने भावाच्या घरी राहायचं असतं. भाऊ सज्जन होता. त्याने तिला खुशाल माडीवरची खोली दिली असती, ऑलिव्हच्या बागेकडे खिडकी असलेली.

दुसऱ्या पेल्याची बातमी शिवणाच्या खोलीत गियोमारच्या आधी पोचली होती. ती आत शिरली तशी तिची भाची ब्रिओलांजा हातातलं कशिद्याचं कापड टाकून तिच्याजवळ सरकली. "आत्या, तुम्ही तर अगदी जवळ होतात. ओठ कोरडे दिसत होते का हो? डोळ्यांखाली?"

"डोळ्यांखाली गाल होते," गियोमार म्हणाली.

"बघा! आमच्या आत्याकडून काढून दाखवा काही. तोंडाला कुलूप, आणि किल्ली तेजू नदीत."

"मुलगाच आहे," दोना मेसिया म्हणाली. ती खिडकीत बसून फुटलेल्या पेल्याचा तांबडा तुकडा चोरून चघळत होती. रंग उजळतो म्हणून निम्म्या बायका ती माती खात. "मुलगी असती तर आंबट मागितलं असतं. पाणी मागतो तो मुलगा."

"तुम्हाला कसं ठाऊक? तुमच्या घरात तर नुसत्या मांजरीलाच पिल्लं होतात."

सगळ्या हसल्या, मेसियाही, माती तोंडात असल्याने ओठ मिटून. तेवढ्यात थोरल्या बाई आत आल्या. दोना व्हियोलांते ही राणीच्या सगळ्या मानकरणींवरची मुख्य. ती आली की हसणं आपोआप खालच्या पट्टीत जाई. "सुया कापडासाठी दिल्यात," ती म्हणाली. "कुणाला जीभ शिवून हवी असेल तर माझ्याकडे या." पण तिचेही डोळे आज ओले होते. जाता जाता ती गियोमारपाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "झाकणातलं पाणी नीट चाखत जा हो आता. आता दोघांसाठी चाखायचंय तुम्हाला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. गियोमारने तोंड उघडलंही, पण आधी दिसला तो माडीवरचा चमचा, आणि वाक्य मागे गेलं. मग रोज ते थोडं थोडं अवघड होत गेलं. राणी रोज दुसऱ्यांदा पाणी मागू लागली. राजा, जो ईस्टर झाल्यापासून शिकारीच्या वाड्यावरच राहत होता, परत आला आणि राणीच्या दालनात येऊन तिच्या शेजारी बसला. बायकांनी माना खाली घातल्या आणि पापण्यांच्या फटीतून सगळं पाहिलं. मठामठांत प्रार्थना सुरू झाल्या. राणीने किती मुलं पुरली होती हे कोणी मोजून बोलत नसे. शेवटचा राजपुत्र तापाने गेला त्यानंतर गादीला वारसच नव्हता, आणि कास्तीलचा वकील दरबारातल्या खांबांकडेसुद्धा घर विकत घ्यायला आलेल्या माणसासारखा बघे. आता त्याचं ते बघणं थांबलं होतं. गियोमारला वाटे, पेल्यातलं कमी केलेलं पाणी कुठेतरी जायलाच हवं होतं, नाहीसं होणं शक्यच नव्हतं. ते असं शहरभर पसरलं. पेला हळूहळू, रोज केसभर जास्त भरत न्यावा, म्हणजे तहान आपोआप कमी होईल, असंही तिला सुचलं. तिने करून पाहिलं. केसभर जास्त, तर काठावरून पाणी डोकावलं, आणि तिने घाईने पुन्हा अर्ध्यावर आणलं. आपला हात आणि एका बाईची आशा यांत आपण हाताला निवडलं, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत स्वतःला सांगितलं. सांगून काही बदललं नाही.

मग एके दुपारी राणीने तिला केस विंचरायला बोलावलं. उकाड्याने बाकीच्या बायका बाहेरच्या खोलीत पेंगत होत्या. दार बंद झालं की राणीही खाली गादीवरच बसे, लहानपणी बसत असेल तशी, एक पाय पुढे सोडून. केसांत मागच्या बाजूला पांढरं फार झालं होतं. पुढून ते दिसू नये अशी केशरचना व्हियोलांते करी. गियोमारचा कंगवा मुळीच थरथरत नव्हता. कंगवा दूर जाणारी गोष्ट होती, जवळ येणारी नव्हती.

"गियोमार, तुझी मुलगी पोटात होती तेव्हा तुला तहान लागायची?"

"आठवत नाही, राणीसाहेब."

"खोटं. बायकांना तेवढंच आठवतं."

कंगव्यात एक गुंता अडकला. तो बोटांनी सोडवता सोडवता गियोमार म्हणाली, आणि आपला आवाज इतका सपाट कसा याचं तिला नवल वाटलं, "राणीसाहेब, पेला अर्धाच असतो. उपवासांपासून. माझा हात थरथरतो म्हणून मी कमी भरते. आपल्याला तहान लागते ती त्यामुळे."

राणीने मान वळवली नाही. "माहीत आहे."

खाली कोणीतरी गोदीतल्या हमालांवर ओरडत होतं.

"मला मान किती मागे टाकावी लागते हे मला कळणार नाही का?" राणी म्हणाली. "पूर्वी पाणी पिताना मला तुझं कपाळ दिसायचं. आता छत्राची झालर दिसते. एका जागी उसवली आहे ती. हात दाखव."

गियोमारने कंगवा ठेवून हात पुढे धरला. तो स्वच्छ, स्थिर होता.

"कुठे हलतोय?"

"काही घेऊन आपल्याकडे आणला की हलतो."

"म्हणजे माझीच भीती वाटते त्याला," राणी म्हणाली आणि हसली. खरं हसली, दात दिसले. मग ती स्वतःच्या पुढे सोडलेल्या पायाकडे बघत म्हणाली, "पहिल्या दिवशी मला खरंच तहान लागली होती. माशात मीठ जास्त होतं. पाणी मागितलं, मान वर केली, तर सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे, गियोमार. नाहीतर हल्ली ते माझ्या मागे बघतात. मी मेले तर त्या खुर्चीवर कोणाला आणता येईल, ते. राजाही तसंच बघायचा. परवा त्याने मला विचारलं, थंडी वाजते का म्हणून. उन्हाळ्यात!"

"पण पुढे काय, राणीसाहेब? पोट—"

"पुढे? राहिलं नाही म्हणतील. त्यांना सवय आहे." तिने पुढे सोडलेला पाय आत ओढून घेतला. "मलाही आहे." आणि मग, जणू शिवणाचा धागा तोडावा तसं, "तू अर्धाच भरत जा. तुझा मान राहील, माझी तहान राहील. कुणाचं काय बिघडतं? आणि सांगायला गेलीस तर तुझं काय होईल ते मी तुला सांगायला नको."

गियोमार बाहेर पडली तेव्हा तिला आधी जाणवला तो हलकेपणा. गुन्हा आता तिचा एकटीचा राहिला नव्हता, हुकूम झाला होता. ती नदीकडच्या सज्जावर गेली. खाली मासळीवाल्यांच्या टोपल्या लागल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीने वर मान करून तिला ओळखलं, निदान दरबारातली कोणी म्हणून तरी. "अहो बाई," ती ओरडली, "आमच्या राणीला म्हणावं, भरपूर पाणी पी! पोराला कोरडं ठेवू नकोस!" बाकीच्या हसल्या. गियोमारनेही, दात न दाखवता, हसून मान हलवली, आणि तेवढ्या हलवण्याने तो हलकेपणा संपला. ती अंधारी खोली तिला दिसायला लागली. राणीचं मूल गेलं की प्रत्येक वेळी तीच खोली असे. खिडक्यांना काळी मखमल, समोरासमोर दोन मेणबत्त्या, पलंगाभोवती काळ्या बाह्यांच्या बायका, आणि एकेक जण पुढे होऊन म्हणे की देवाची इच्छा. शेवटच्या वेळी राणीने दूध आटेपर्यंत कुणाशी बोलायचंच नाकारलं होतं, आणि रोज दोन वेळा गियोमार त्या अंधारात गुडघे टेकून पेला धरी. राणी न पिता पेल्याच्या काठावर ओठ ठेवून राही. आता पुन्हा तसंच. नसलेल्या बाळासाठी राणीला त्या पलंगावर पडावं लागेल, सगळे बघत असताना रडावं लागेल, आणि ते रडणं खोटं असणार नाही. ते आधीच्या सगळ्यांसाठी असेल. पट्टे आवळून बांधलेल्या छातीला, आत काही नसतानाही, किती दिवस भरून आल्यासारखं वाटत राहतं हे गियोमारला माहीत होतं. राणीलाही माहीत होतं. पण लोकांनी आपल्याकडे बघावं एवढ्यासाठी ती त्याची किंमत आताच ठरवून बसली होती, आणि भुकेला माणूस असा सौदा करतो तेव्हा तो त्याच्या पोटाने केलेला असतो. गियोमारला राणीचा राग आला नाही. स्वतःचाही फारसा आला नाही. आईने एकदा तरी हट्टाने सगळ्या पाहुण्यांसमोर खाली येऊन, सांडत सांडत, जेवायला हवं होतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि ते इथे कसं लागू होतं हे तिला नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दालन भरलेलं होतं. राजाही आला होता आणि छत्राच्या बाजूला उभा होता, पाठीमागे हात बांधून. पहिल्या पाण्यासाठी राणीची बोटं टेबलाच्या कडेवर टेकली. गियोमारने झारी उचलली आणि पेला भरायला लागली. अर्ध्याची खूण गेली. ओतताना पाण्याचा आवाज बदलत जातो, आधी खोल आणि मग बारीक, हे तिने इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं असं तिला वाटलं. काठावर पाणी किंचित फुगून उभं राहिलं. झाकणातला थेंब तिने चाखला, रुमालाने पेला धरला आणि निघाली. छत्रापर्यंत सगळं ठीक होतं. गुडघे टेकले, पेल्याचं चुंबन घेतलं तेव्हा नाकाला पाणी लागलं. मग तिने तो पुढे नेला. पहिलं वर्तुळ, दुसरं, आणि मग वर्तुळं राहिलीच नाहीत. पाणी डाव्या काठावरून गेलं, उजव्यावरून गेलं, तबकडीवर टपटपलं, राणीच्या बाहीवर, मांडीवर, पांढऱ्या टेबलाच्या कापडावर. तिने हात मागे घेतला नाही. जेवढं अंतर कमी होत होतं तेवढा तो हलत होता, आणि सगळं दालन त्याच्याकडे बघत होतं. मागून कोणीतरी लहान मुलासारखं मुसमुसलं. ती ब्रिओलांजा असावी.

"दोना गियोमार!" व्हियोलांतेचा आवाज आला.

राणीचे डोळे गियोमारच्या कपाळावर होते. झालरीवर नव्हते. त्या डोळ्यांत राग होता, हे नक्की. असा राग गियोमारने तिच्याकडून कधी अनुभवला नव्हता. राणी अजून मान फिरवू शकत होती. पेला दूर सारून म्हणू शकत होती की या बाईला घेऊन जा, आणि कोणी विचारलं नसतं की पेल्यात होतं किती. थरथर काठाशी, ओठांशी येऊन वाजत होती, मातीवर दात लागल्यासारखा अगदी बारीक आवाज. मग राणीने ओठ लावले आणि ती प्यायला लागली. तिचा गळा हलत राहिला, रोजच्यापेक्षा पुष्कळ वेळ, इतका वेळ की भिंतीलगतची सळसळ थांबली. सांडून उरलेलं सगळं पाणी ती प्यायली. पेला दूर झाला. सगळे तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं टेबलावर आली, आणि नंतर मांडीवरच्या ओल्या कापडावर जाऊन पडली.

"पुरे," राणी म्हणाली. आणि राजाकडे न बघता, पण त्याला ऐकू जाईल असं, "मला इतके दिवस पाणी कमी मिळत होतं. आता तहान नाही."

कास्तीलच्या वकिलाने मान खाली घातली. सभ्य माणूस होता, त्याने आपला चेहरा लपवला. राजाने पाठीमागचे हात सोडले, पुन्हा बांधले. पुढचं ताट आलं. व्हियोलांतेने ब्रिओलांजाला खुणेनेच पुढे बोलावलं आणि ती पोर, पांढरीफटक पडून, आत्याच्या हातातून पेला आणि तबकडी घेताना पुटपुटली, "आत्या, मी हा मान मागितला नव्हता हो, शपथ." गियोमार उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली. राणीने तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

बाहेरच्या ओसरीत व्हियोलांते तिच्या मागोमाग आली. तिला बरंच बोलायचं होतं असं दिसलं, पण तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "तुमच्या भावाला निरोप धाडते. उद्या पालखी मिळेल." जाता जाता ती वळली. "निदान मला तरी सांगायचं होतं, बाई."

ओसरी रिकामी झाली. कोपऱ्यात नोकरांच्या पाण्याचा रांजण होता, त्यावर पत्र्याची वाटी उलटी घातलेली. गियोमारचा घसा इतका कोरडा पडला होता की गिळता येत नव्हतं. इतकी वर्षं या वेळेला ती फक्त झाकणातला एक थेंब चाखत आली होती आणि हे कधी तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने वाटी रांजणात बुडवली, काठोकाठ भरून वर काढली, आणि हात हलायला लागला तसा दुसराही हात लावला. कोपरं पोटाशी धरून, दोन्ही तळव्यांत वाटी घट्ट धरून, लहान मूल पितं तसं ती पाणी प्यायली. थोडं हनुवटीवरून ओघळून गळ्यात गेलं. ते थंड होतं. तिने ते पुसलं नाही, आणि वाटी पुन्हा बुडवली.